गावची लक्ष्मी विमानात बसत नाही

गणपती विमानात बसतो. टॉवेलात गुंडाळून हँडबॅगेत ठेवलेली वीतभर शाडूची मूर्ती दुबई, लंडन, सॅन होजे, कुठंही सुखरूप पोहोचते. तिकडे त्याचं बस्तानही जुनं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ न. चिं. केळकरांनी 1932 मध्ये स्थापन केलं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासूनचं आहे आणि मॉरिशसमध्ये तर गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बेळगावहून गेलेला मुलगा तिथल्या आरतीला उभा राहतो, तेव्हा झांजा, मोदक, कापूर सगळं हजर असतं. चतुर्थी तेवढी शनिवारवर ढकललेली असते आणि हॉल नऊच्या आत झाडून परत द्यायचा असतो.

पण त्याला चुकल्यासारखं वाटतं ते गणपतीत नव्हे. वाटतं ते जत्रेच्या दिवसांत. सण पंचांगाचा, जत्रा जागेची.

बेळगाव तालुक्यातली, खानापूरकडची महालक्ष्मी यात्रा घ्या. ती दरवर्षी नसतेच. कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा वर्षांनी, काही गावांत त्याहूनही उशिरा. म्हणून ती ठरली की गाव वर्षभर आधीपासून कामाला लागतं. घरं रंगतात, गळकी कौलं बदलतात, सगळ्या माहेरवाशिणींना बोलावणी जातात. देवीचं लग्न लागतं, अक्षतारोपण होतं आणि मग रथ निघतो. भंडारा असा उधळला जातो की रस्ते, कुत्री, पाहुण्यांचे पांढरे शर्ट सगळं एकाच रंगाचं होतं. जेवणाच्या पंगतीत ओळखीचे किती आणि अनोळखी किती, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शेवटी लक्ष्मी सीमेला जाते. राज्याच्या सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. लक्ष्मीची सीमा मात्र कुठल्या बांधाला लागते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता हे सगळं न्यू जर्सीत कसं करणार? मूर्ती नेता येईल. बांध कुठून आणायचा?

निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीचंही तेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास हालसिद्धनाथाची यात्रा भरते, ढोल-कैताळ रात्रभर वाजतात आणि पहाटे भाकणूक होते. पाऊस किती, कुठलं पीक साधेल, कशाचा भाव चढेल, राजकारणात काय उलथापालथ होईल, सगळं त्यात येतं. तंबाखू-उसाच्या शेतकऱ्याला ती कान देऊन ऐकावी लागते, त्यात वर्षाचा घोर असतो. त्याच्या परदेशातल्या मुलाला तीच भाकणूक मोबाईलवर रेकॉर्डिंग होऊन पोहोचते. तो ऐकतो, हसतो आणि तरीही भावाला विचारतो, की यंदा सोयाबीन किती एकर केलंय.

निपाणीत संत बाबामहाराज चव्हाण यांनी सुरू केलेला दस्तगीरसाहेबांचा उरूसही असतो. तो परदेशात करायचा ठरला, तर कुणाच्या हॉलमध्ये करणार? मराठी मंडळाच्या की मशिदीच्या? निपाणीत हा प्रश्न पडत नाही. तिकडे मात्र बुकिंगचा फॉर्मच अडेल.

जत्रा अजिबात हलत नाही, असं मात्र नाही. 1956 मध्ये राज्यांच्या रेघा बदलल्या, तरी कोल्हापूरचे भाविक मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला जातच राहिले आणि माघात चिंचणीच्या मायाक्कालाही. सौंदत्तीहून परतल्यावर कोल्हापूरकर ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा करतात. आंबील, भाकरी, वरणं-वांगं. म्हणजे जत्रेचा एक तुकडा घराजवळ आणता येतो. पण आधी डोंगरावर जाऊन यावं लागतं. हे मधलं जाणं-येणं परदेशातल्या माणसाला परवडत नाही, तिथंच सगळं अडतं.

शिवजयंतीचं जमतं, निदान अर्धं. महाराष्ट्र सरकारची तारीख 19 फेब्रुवारी. बेळगाव मात्र तिथीला चिकटून, वैशाख शुद्ध द्वितीयेला ती साजरी करतं. त्यामुळे लंडनमधल्या बेळगावकराला पुण्या-मुंबईच्या मित्रांचे शुभेच्छांचे मेसेज फेब्रुवारीत येतात, तेव्हा तो नुसता अंगठा दाखवून गप्प बसतो. त्याची शिवजयंती अजून यायची असते. चित्ररथांची मिरवणूक बेळगावात रात्री अकराला रंगात येते, तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. लोकलमध्ये उभ्या उभ्या तो आपल्या गल्लीच्या मंडळाचा देखावा फोनवर शोधतो आणि रेंज जाते.

लक्ष्मीसाठी मात्र थेट रजा टाकावी लागते. तारीख नुसती कुजबुजली, तरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परदेशातली पोरं तिकिटांचे भाव टाकायला लागतात. मे महिना धरा, शाळांना सुट्टी असते, असा आग्रह होतो. पंच मंडळी ऐकून घेतात आणि मुहूर्त देवीला विचारूनच ठरवतात. आईचा फोन येतो, ‘जत्रेला येणार न्हवं?’ तिकडे जन्मलेल्या नातवाला गणपतीची आरती तोंडपाठ असते, लक्ष्मी त्याने अजून पाहिलेलीच नसते. गावची जत्रा बारा वर्षांनी येत असेल आणि या खेपेला चुकली, तर पुढच्या वेळी तो कॉलेजात असेल. त्या वर्षी त्याच्या परीक्षा कधी असतील, याचा अंदाज आजोबा आत्ताच घेऊ लागतात.