किनिकच्या मैदानावर एक शनिवार

शिकागो सोडून मोटारीनें पश्चिमेस निघालें म्हणजे कांहीं तासांनीं मिसिसिपी नदी लागते. तिच्या पलीकडे आयोवा राज्याची हद्द सुरू होते आणि मग जिकडे पाहावें तिकडे मका! डोळ्यांस डोंगर दिसत नाहीं, घाट लागत नाहीं. फक्त मका, सोयाबीन आणि मधूनमधून धान्याचीं उंच पत्र्याचीं कोठारें. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या आम्हां मंडळींस हा सपाट मुलूख आरंभीं ओकाबोका वाटला. 'येथील माणसें करमणुकीस करतात तरी काय?' असें वहिनींनीं विचारलें. त्याचें उत्तर त्यांस चार दिवसांनीं, एका शनिवारीं मिळालें. त्या शनिवाराची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

आमच्या दादांचे धाकटे चिरंजीव माधव हे आयोवा सिटी येथें विद्यापीठांत संशोधनाचें काम करतात. त्यांच्या आग्रहावरून दादा, वहिनी आणि आम्ही उभयतां २०२४ च्या सप्टेंबरांत तेथें गेलों. गांव लहान, पण विद्येचें माहेरघर. येथील विद्यापीठाची स्थापना १८४७ सालची. राज्याची राजधानी १८५७ पर्यंत येथेंच होती. ती पुढें डे मॉइनला गेली, पण जुन्या राजगृहाचा सोनेरी घुमट अद्याप विद्यापीठाच्या मध्यभागीं मोठ्या डौलानें उभा आहे. लेखनकलेच्या शिक्षणासाठीं हें गांव जगांत प्रसिद्ध असून युनेस्कोनें २००८ सालीं त्यास साहित्यनगरीचा मान दिला. आपले कवि दिलीप चित्रे हे १९७५ च्या सुमारास येथील आंतरराष्ट्रीय लेखन-उपक्रमांत येऊन राहिले होते, हें समजल्यावर आयोवा नदीकांठचा तो रस्ता आम्हांस एकदम ओळखीचा वाटूं लागला.

परंतु शनिवारीं हें साहित्य वगैरे सर्व बाजूस राहतें. नदीच्या पश्चिमेस किनिक स्टेडियम आहे. १९२९ सालीं बांधलेल्या या क्रीडांगणांत सुमारें ६९ हजार माणसें बसतात, म्हणजे एखादें तालुक्याचें गांव सहज मावेल! नाइल किनिक हा येथील विद्यार्थी. अमेरिकन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन खेळाडूस मिळणारा हाइझमन पुरस्कार त्यानें १९३९ सालीं मिळविला. पुढें तो नौदलांत वैमानिक झाला आणि २ जून १९४३ रोजीं सरावाच्या उड्डाणांत, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, समुद्रांत पडून गेला. १९७२ पासून क्रीडांगणास त्याचें नांव आहे. दारीं त्याचा पुतळा आहे. दादांनीं त्यापुढें टोपी काढली, हें आम्हीं पाहिलें.

आतां या खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. नांव फुटबॉल असलें तरी यांत चेंडूस पाय क्वचितच लागतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्यांच्या हातीं चेंडू असेल त्यांनीं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें. साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शेवटची रेषा ओलांडली कीं सहा गुण, चेंडू खांबांमधून लाथाडला तर तीन. प्रत्येक प्रयत्नापूर्वीं चेंडू घेऊन धांवावयाचें कीं फेकावयाचा, कोणीं कोठें जावयाचें, हें सर्व ठरवावें लागतें. तें ठरविणाऱ्यास 'ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर' म्हणतात. आपण त्यास आक्रमणाचा सूत्रधार म्हणूं. एक प्रयत्न संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंत ४० सेकंद मिळतात. २०२४ पासून तर मोठ्या महाविद्यालयीन सामन्यांत सूत्रधाराचा आवाज मैदानावरील एका गड्याच्या शिरस्त्राणांत थेट पोंचूं लागला आणि घड्याळांत १५ सेकंद उरले कीं तो आपोआप बंद होतो. म्हणजे जें काय शहाणपण सांगावयाचें तें पंचवीस सेकंदांत!

या सूत्रधाराच्या जागेवरूनच आयोवांत मोठें वादळ होऊन गेलें होतें. मुख्य शिक्षक कर्क फेरेंट्झ हे १९९९ पासून त्या पदावर होते. २०१७ सालीं त्यांचे चिरंजीव ब्रायन हे आक्रमणाचे सूत्रधार झाले. संघाचा बचाव नामांकित, पण आक्रमण दिवसेंदिवस खंगत गेलें. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्यें विद्यापीठानें ब्रायन यांच्या करारांत अट घातली: वेतन ५० हजार डॉलरांनीं कमी, आणि संघानें सामन्यागणिक सरासरी २५ गुण मिळविलेच पाहिजेत. मग काय विचारतां! साऱ्या राज्यानें वही-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. त्या वर्षीं संघानें दहा सामने जिंकले खरे, पण सरासरी पंधरा-सोळा गुणांपुढें गेली नाहीं. चेंडू दूर लाथाडून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करणाऱ्या ऑस्ट्रेलियन गड्यासच लोक टाळ्या वाजवीत आणि त्याच्या नांवाचे सदरे घालीत. कारण आक्रमण फसलें म्हणजे बोलावणें त्यालाच! हंगाम चालूं असतांनाच, ऑक्टोबरच्या अखेरीस, ब्रायन पुढील वर्षीं राहणार नाहींत असें जाहीर झालें. त्यांच्या जागीं जानेवारी २०२४ मध्यें टिम लेस्टर आले.

माधवानें ही कथा जेवतांना सांगितली, तेव्हां दादा गप्प झाले. त्याचें कारण आम्हांस ठाऊक होतें. घरचा छापखाना दादांनीं चाळीस वर्षें चालविला आणि दोन वर्षांपूर्वीं थोरल्या श्रीधरच्या स्वाधीन केला. स्वाधीन केला म्हणजे किल्ल्या दिल्या. मन दिलें नाहीं. श्रीधरनें नवें यंत्र आणलें, जुनें गिऱ्हाईक सोडून नवें धरलें. अमेरिकेंत आल्यावरहि दादा रोज रात्रीं फोन करून कागदाचा भाव, उधारी, कामगारांची हजेरी, सर्व विचारीत. आणि फोन ठेवतांना 'हें असें करावयास नको होतें' हें वाक्य ठरलेलें. वहिनी ऐकत आणि उसासा टाकीत.

तो शनिवार ७ सप्टेंबरचा. भारतांत त्या दिवशीं गणेशचतुर्थी, म्हणून माधवानेंहि तीच तारीख धरली होती. सकाळीं मूर्तीची स्थापना, आरती, मोदकांचा नैवेद्य झाला. 'गणपति घरांत बसला असतां खेळ पाहावयास जावें काय?' असा वहिनींस प्रश्न पडला. पण माधव म्हणाला, 'आई, तो विघ्नहर्ता आहे, आज आयोवाला त्याची गरज पडेल.' सामना एम्स येथील आयोवा स्टेट विद्यापीठाशीं होता. हें भाऊबंदकीचें वैर. एकाच घरांत नवरा एका बाजूचा व बायको दुसऱ्या बाजूची, असें येथें नित्याचें आहे. मैदानाभोंवतीं मोटारींच्या मागच्या फळ्या उघडून लोकांनीं चुली मांडल्या होत्या. आम्हांस एका अनोळखी बाईंनीं भाजलेलीं कणसें आणून दिलीं, आणि तीं खातांना वहिनींचें या मुलुखाविषयींचें मत पुष्कळ निवळलें.

आमच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांच्या वडिलांपासून त्या जागा त्यांच्या घराण्यांत चालत आलेल्या. खेळ सुरू झाला आणि आमच्या ध्यानांत आलें कीं, येथें ६९ हजार प्रेक्षक नसून ६९ हजार परीक्षक आहेत. मागल्या शनिवारच्या पहिल्या सामन्यांत नव्या सूत्रधाराच्या संघानें ४० गुण मिळविले होते. तेव्हां अर्ध्या वेळेपर्यंत अवघे सहाच गुण झाल्यामुळें 'हाहि तसाच निघाला' असें लोक म्हणूं लागले होते, आणि शेवटीं त्याच मंडळींनीं त्यास डोक्यावर घेतलें होतें. आज कॅलेब जॉन्सन नांवाचा गडी चेंडू घेऊन वाऱ्यासारखा धांवत होता. चेंडू सुटण्यापूर्वीं गड्यांस इकडून तिकडे हलवून प्रतिपक्षास बुचकळ्यांत टाकण्याची लेस्टर यांची पद्धत लोकांस आवडलेली दिसली. अर्ध्या वेळीं १३ विरुद्ध शून्य. 'काय डोकें आहे!' असे उद्गार चहूंकडे.

पहिला चतुर्थांश संपला त्या वेळची एक गोष्ट मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. क्रीडांगणास लागूनच विद्यापीठाचें मुलांचें रुग्णालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यांवरील खिडक्यांतून आजारी मुलें खेळ पाहतात. २०१७ पासून अशी चाल पडली आहे कीं, पहिला चतुर्थांश संपतांच सर्व लोक, दोन्ही पक्षांचे लोक, खेळाडूंसह, खिडक्यांकडे वळून हात हालवितात. त्या क्षणीं गुण, सूत्रधार, वैर, सर्व थांबलें. खिडकींतून इवलेसे हात हालतांना दिसले. वहिनींनीं पदरानें डोळे टिपले. आम्हीहि कोरडे राहिलों असें नाहीं.

उत्तरार्धांत दैव फिरलें. आयोवाचा फेकलेला चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं पडूं लागला, आघाडी वितळत चालली. मघांच्याच तोंडांतून 'आतां कां फेकतो? धांवायला सांग!' आणि पुढच्याच प्रयत्नास 'पुन्हां धांवच? कल्पकता नाहीं!' असें निघूं लागलें. दादांनीं शेजारच्या वृद्धास विचारलें, 'तुमच्या मतें चूक कोणाची?' ते म्हणाले, 'डाव बरोबर होता. माणूस मोकळा उभा होता, चेंडू चुकीचा पडला. पण येथें बसून फक्त पडलेला चेंडू दिसतो.' थोड्या वेळानें तेच पुढें म्हणाले, 'मीहि ओरडतों. चाळीस वर्षें ओरडतों आहें. पण मुलगा शेतावर नांगर धरतो तेव्हां मी बांधावर जात नाहीं. बायकोनें बंदी केली आहे.' माधवानें हें मराठींत सांगितलें तेव्हां वहिनी मोठ्यानें हंसल्या. दादा हंसले नाहींत.

सहा सेकंद उरले असतां आयोवा स्टेटच्या गड्यानें ५४ यार्डांवरून चेंडू खांबांमधून लाथाडला आणि सामना २०-१९ असा एका गुणानें गेला. जॉन्सन एकटा १८७ यार्ड धांवला, दोनदां रेषा ओलांडली, तरी पराभवच. परततांना रस्त्यानें जो तो नव्या सूत्रधाराचा न्यायनिवाडा करीत होता. दोन शनिवार, दोन निकाल. पहिल्यांत बुद्धिमान, दुसऱ्यांत बुद्धू! ज्यास पंचवीस सेकंदांत ठरवावयाचें असतें, त्याच्या निर्णयाची किंमत लोक परिणामावरून करतात. आणि परिणाम तर अकरा गड्यांच्या, वाऱ्याच्या, प्रतिपक्षाच्या हातचा. निर्णय वाईट असूनहि फळ चांगलें येतें, चांगला असूनहि वाया जातो. दोहोंतील भेद पाहण्यास एक दुपार पुरत नाहीं. मात्र परीक्षाच नको असेंहि नव्हे. कित्येक वर्षें डोळे झांकल्यामुळेंच त्या पिता-पुत्रांवर तशी पाळी आली, हेंहि आम्हांस विसरतां येत नाहीं.

रात्रीं आरती झाली. नेहमींच्या वेळीं दादांनीं फोन घेतला. 'गणपति नीट बसला ना? मोदक कितीसे झाले? मुलें काय करतात?' एवढें विचारलें. कागदाचा भाव ओठांवर आलेला आम्हांस दिसला, कारण ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, 'बरें, ठेवतों.' पलीकडून श्रीधरनेंच घाबरून विचारलें, 'अप्पा, प्रकृति बरी आहे ना?'

दादांचा हा संयम कायम टिकला असें सांगितलें तर वाचक विश्वास ठेवणार नाहींत, आणि तें खरेंहि नाहीं. चौथ्या दिवशीं उधारीचा विषय निघालाच. तथापि रोजचा फोन आठवड्यावर आला, आणि 'असें करावयास नको होतें' याच्या जागीं 'असें कां केलेंस?' हा प्रश्न आला. श्रीधर त्याचें उत्तर देऊं लागला, हा लाभ लहान नव्हे.

आयोवाचें म्हणाल तर त्या हंगामांत त्यांनीं आठ सामने जिंकले, पांच गमावले. सरासरी २७ गुणांच्या वर गेली; म्हणजे ज्या पंचविसाच्या रेषेवर एकाची जागा गेली, ती दुसऱ्यानें पहिल्याच वर्षीं ओलांडली. चेंडू फेकण्याची बाजू मात्र दुबळीच राहिली, म्हणून परीक्षकांस पुढील वर्षासाठीं काम उरलेंच! माधवानें तें कळविलें तेव्हां दादांनीं उलट टपालीं विचारलें, 'आणि शेजारचे ते आजोबा काय म्हणतात?'