हुकल्याचा एक गुण

नेम हुकला तरी पदरात एक गुण टाकणारा खेळ जगाच्या पाठीवर कुठे असेल, हे मला सत्तरी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हते. आपल्याकडे हुकणाऱ्याची अशी कदर कोणी करीत नाही. विटी झेलली गेली की गडी बाद. कबड्डीत मध्यरेषा बोटभर लांब राहिली तरी चढाई फुकट. शाळेत उत्तर चुकले तरी रीत बरोबर आहे म्हणून अर्धा गुण देणारे मास्तर असतात म्हणे. मी स्वतः चौतीस वर्षे पुण्यात गणित शिकवले. पण त्या मास्तरांत माझी गणना माझा एकही विद्यार्थी करणार नाही.

हा खेळ मला भेटला मेलबर्नला. आमचे चिरंजीव तिथे २००९ पासून आहेत. २०२३ साली, आपल्याकडे पाऊस आणि तिकडे हिवाळा असताना, मी त्यांच्याकडे चार महिने राहून आलो. तिथल्या लोकांची एक रीत पहिल्या आठवड्यातच ध्यानात आली. आपण नव्या माणसाला ‘मूळ गाव कुठले?’ असे विचारतो, तसे ते ‘तुमचा संघ कोणता?’ असे विचारतात. ‘कुठलाच नाही’ असे उत्तर दिले की ते चमकून पाहतात. बिनगावाचा माणूस भेटावा तसे.

खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल, लाडाने ‘फूटी’. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवले की, हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचे अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम लिहून झाले. म्हणून हा खेळ अजूनही क्रिकेटच्या मैदानांवर चालतो. एका बाजूला अठरा गडी, लंबगोल चेंडू, आणि दोन्ही टोकांना जाळे नाही, आडवी दांडी नाही. नुसते चार चार खांब. मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे. मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने पार केला की गोल, सहा गुण. तो मधल्या आणि कडेच्या खांबांमधून गेला, किंवा उंच खांबाला नुसता चाटून गेला, की ‘बिहाइंड’, एक गुण. खांबांमागचा पंच गोलाला दोन बोटे दाखवून दोन झेंडे हालवतो. बिहाइंडला एक बोट आणि एकच झेंडा. वर्तमानपत्रात निकालही तसाच छापतात. आधी गोल, मग बिहाइंड, मग बेरीज. ९.१४ (६८) असे वाचले की समजावे, नऊदा साधले आणि चौदादा हुकले. जमाखर्च इतका उघडा ठेवणारा खेळ मला, गणिताचा मास्तर म्हणून, एकदम आवडला.

चिरंजीवांचा संघ सेंट किल्डा. हा त्याने निवडला नाही, तो त्याच्या वाट्याला आला. शिकायला गेला तेव्हा मूराबिनच्या बाजूला एका गृहस्थांच्या घरी तो खोली घेऊन राहिला. ते गृहस्थ सेंट किल्डाचे, त्यांचे वडीलही सेंट किल्डाचे, तेव्हा भाडेकरू आणखी कोणाचा असणार? या संघाचे लाडके नाव ‘सेंट्स’, म्हणजे संत. देव संतांचीच परीक्षा अधिक पाहतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. तिथल्या लोकांना ते या संघाने शिकवले आहे.

१८९७ साली लीग सुरू झाली तेव्हापासून सेंट किल्डा तीत आहे. पहिल्या तीन हंगामांत त्याने एकही सामना जिंकला नाही. १९०० साली पहिला विजय मिळाला, तोही दाद मागून. सामना बरोबरीत सुटला होता. पण तिसऱ्या डावाची घंटा झाल्यानंतरचा एक बिहाइंड प्रतिपक्षाच्या खाती धरला गेला होता. तो वजा झाला, आणि सेंट किल्डा एका गुणाने जिंकला. विजेतेपद आजवर एकच, १९६६ चे. कॉलिंगवूडविरुद्ध ७४–७३, आणि निर्णायक गुण म्हणजे बॅरी ब्रीनच्या वेड्यावाकड्या लाथेने झालेला बिहाइंड. सव्वाशे वर्षांचे सगळे वैभव एका हुकलेल्या नेमावर उभे आहे.

ते घरमालक तेव्हा नऊ वर्षांचे होते. सामना त्यांनी घरी रेडिओवर ऐकला. शेवटचा भोंगा झाला आणि त्यांचे वडील टेबलावर डोके टेकून हुंदके देऊ लागले. “मला वाटले, आपण हरलो,” ते मला सांगत होते, “हरल्यावर ते कधी रडत नसत, हे माझ्या लक्षातच आले नाही.”

चिरंजीव गेला त्याच वर्षी, २००९ ला, संघ अंतिम सामन्यात पोचला. निकाल असा: जिलाँग १२.८ (८०), सेंट किल्डा ९.१४ (६८). मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला आहे. जिलाँगने वीसदा नेम धरला, सेंट किल्डाने तेवीसदा. आणि तेवीसवाले बारा गुणांनी हरले. जिलाँगच्या टॉम हॉकिन्सचा एक गोल खांबाला चाटून गेला होता आणि पंचाने तरी दोन झेंडे हालवले, हे दुःख वेगळेच. चित्रफीत पाहून निर्णय देण्याची सोय नंतर आली. त्या गोलाचे पाच गुण वजा केले तरी सात उरतात, असे मी घरमालकांना एकदा सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “हा हिशेब आम्ही चौदा वर्षे करतो आहोत.”

२०१० ला पुन्हा अंतिम सामना, या वेळी कॉलिंगवूडशी. शेवटच्या मिनिटांत एक गुण कमी असताना लांबून आलेला चेंडू सेंट किल्डाच्या स्टीफन मिल्नच्या पुढ्यात पडला. नीट उसळता तर कदाचित गोल होता. तो भलतीकडे उसळला आणि बिहाइंड झाला. ६८–६८. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुढच्या शनिवारी सामना पुन्हा झाला आणि सेंट किल्डा ५६ गुणांनी हरला. १९६६ ला एका बिहाइंडने दिले ते चव्वेचाळीस वर्षांनी दुसऱ्या बिहाइंडने असे परत घेतले.

एवढे सगळे कानांवर पडल्यावर मी २०२३ च्या सप्टेंबरात त्यांच्याबरोबर मेलबर्न क्रिकेट मैदानावर गेलो. १९८१ साली कपिलदेवने याच मैदानावर ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळले होते; ते रेडिओवर ऐकलेले मैदान डोळ्यांनी पाहायचे, हा माझा अंतस्थ हेतू. बाकीच्यांचा हेतू मोठा होता. संघ पहिल्या आठांत आला होता. बाद फेरीचा सामना आपल्या गावात पाहण्याचा योग या लोकांना बारा वर्षांनी आला होता. २००९ आणि २०१० चे प्रशिक्षक रॉस लायन याच वर्षी परत आले होते. समोर होता पश्चिम सिडनीचा संघ, जो लीगमध्ये मुळी २०१२ साली आला. आमचा आठ वर्षांचा नातू लाल, पांढरा आणि काळा मफलर गुंडाळून आजीने दिलेला पाच रुपयांचा शिक्का शकुनाचा म्हणून खिशात घेऊन बसला होता.

हरले. चोवीस गुणांनी हरले.

सामना मी फारसा सांगू शकत नाही. मला तो अजून नीट कळत नाही. पण माणसे कळली. भोंगा होण्याआधीच काही जण उठून चालू लागले, जणू आपण नसताना झालेली हार आपली धरत नाहीत. एक गृहस्थ आधी पंचांवर ओरडत होते, मग स्वतःच्या गड्यांवर, आणि शेवटी कोणावरच नाही, नुसतेच. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारी बाई आपला मफलर मांडीवर घेऊन घडीवर घडी घालीत होती. हिवाळा संपल्यावर गरम कपडे ट्रंकेत ठेवताना घालतात तशी. मैदानावर जिंकणाऱ्या संघाचे गाणे वाजवतात. ते कर्ण्यावर सुरू झाले तरी ती उठली नाही. रिचमंड स्टेशनकडे चालताना एक तरुण सोबत्यांना शपथेवर सांगत होता की, पुढच्या वर्षी सभासदत्वाची वर्गणी भरणार नाही. त्याचे सोबती मान डोलावीत होते. ही शपथ बहुधा जुनी असावी.

गाडीत नातू मफलरमध्ये तोंड खुपसून रडू लागला. नुसते डोळ्यांत पाणी नव्हे. खांदे हलत होते. मी पुढे वाकलो. “अरे, खेळच तो...” एवढे शब्द तोंडून गेले, आणि चिरंजीवाने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. पण मी पुढचे वाक्य गिळले. कारण ते वाक्य मी पूर्वी एकदा पुरे केले होते, हे मला आठवले, आणि त्यालाही आठवले होते.

३१ जानेवारी १९९९, रविवार. चेन्नईची कसोटी, पाकिस्तानविरुद्ध. जिंकायला २७१ हवे होते. सचिनची पाठ दुखत होती, तरी तो १३६ पर्यंत गेला. २५४ वर तो बाद झाला तेव्हा फक्त सतरा उरले होते, तीन गडी हाताशी होते. तीन गडी चार धावांत गेले. बारा धावांनी हरलो. आमचा मुलगा सातवीत होता, शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर होती. तो टीव्हीसमोर जमिनीवर बसून असाच रडत होता, खांदे हलवीत. मी उठलो, टीव्ही बंद केला आणि म्हणालो, “खेळच तो. त्यांना पैसे मिळतात, तुला काय मिळणार? ऊठ, उदाहरणे सोडव.” तो उठला. उदाहरणे सोडवली. शिष्यवृत्तीही मिळाली. चेन्नईच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. माझ्या घरातल्या प्रेक्षकाला मी तेवढा वेळच दिला नव्हता. त्यानंतर तो माझ्यासमोर कशासाठीही रडला नाही. मला वाटे, पोरगा समजूतदार झाला.

गाडीत चिरंजीव मुलाशी काहीच बोलला नाही. त्याची समजूत घातली नाही, पुढच्या वर्षीची आशा दाखवली नाही. नुसता त्याच्याकडे सरकला आणि मूराबिन येईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. मला मुलाला वाढवताना इतके सोपे काही करता येते, हे सुचले नव्हते.

संध्याकाळी ते जुने घरमालक आले. चहा नको म्हणाले. नातवासमोर खुर्ची ओढून बसले आणि गंभीरपणे म्हणाले, “मी तुझी क्षमा मागायला आलो आहे. हा संघ तुझ्या वडिलांना मी दिला. त्यांनी तो तुला दिला. तुला बदलायचा असेल तर अजून लहान आहेस, बदल. कोणी काही म्हणणार नाही.” पोराने डोळे पुसले आणि इतक्या रागाने मान हालवली की, म्हातारबुवांना हसू आले. मी हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, आपल्या मुलांना आपण काय काय देऊन ठेवतो, आणि क्षमा मागायला मात्र जात नाही.

रात्री सगळे निजल्यावर चिरंजीव स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. मी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “चेन्नईच्या दिवशी मी टीव्ही बंद करायला नको होता.” चोवीस वर्षांनी एवढे एक वाक्य, तेही त्याची पाठ माझ्याकडे असताना.

तो थोडा वेळ ताटली पुसत राहिला. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही त्या रात्री जेवला नव्हता. आईला पोट बरे नाही म्हणून सांगितलेत. मी पलंगावर जागा होतो. मला तेव्हाच कळले होते.”

मला काही बोलता येईना. मी त्याच्या हातातले फडके घेतले आणि उरलेल्या वाट्या पुसल्या.

मी अजून सेंट किल्डाचा झालेलो नाही. या वयात नवे दैवत जड जाते. पण पुण्याला परतल्यापासून मार्च लागला की शनिवार-रविवारी सकाळचे वर्तमानपत्र उघडण्याआधी मी फोनवर तो निकाल पाहतो. आधी गोल, मग बिहाइंड, मग बेरीज. पुष्कळदा ते हरलेलेच असतात. मग मी नातवाला फोन लावतो. ‘खेळच तो’ असे म्हणत नाही. तो तिकडे काही वेळ गप्प असतो, मी इकडे गप्प असतो, आणि मग तो म्हणतो, “आजोबा, तेवीसदा नेम धरला होता.”