पाणी लहान होत नाही

वाचकहो, भाषांतरकाराच्या बोटांवर शाईचा डाग शोभतो. माझ्या बोटांवर मात्र गेले काही महिने कानशीचे ओरखडे आहेत. दिल्लीतील आमच्या बिऱ्हाडात वीतभर लांबीचे एक वाफेचे इंजिन आकाराला येत आहे आणि त्याचे चिमुकले पितळी भाग मी रविवारी घडवीत असतो. बॉयलर तेवढा शेजारच्या मिस्त्रीजींनी तांब्याचा करून दिला. हे गृहस्थ तरुणपणी रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर होते.

या छंदात पहिली गंमत भेटली ती नावाची. बारीक स्क्रूंच्या आट्यांच्या एका जुन्या मापपद्धतीला 'बी. ए.' म्हणतात. माझी पदवीही तीच! येथे मात्र ती ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेची आद्याक्षरे. या पद्धतीत शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर व लगतच्या दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असते. पुढे प्रत्येक क्रमांकाला हे अंतर आधीच्या नऊदशांश होत जाते. दहाव्या क्रमांकाचा स्क्रू अवघा १.७ मिलिमीटर जाडीचा. तो एकदा फरशीवर निसटला, की सारे घर गुडघ्यांवर येते.

परंतु मला सांगावयाचे आहे ते पाणी दाखविणाऱ्या काचनळीविषयी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे, हे बाहेरून कळण्याचे ते साधन. पाणी फार खाली गेले, तर ज्योतीवरचे तांबे उघडे पडून बेसुमार तापते, मऊ होते, आणि आतल्या दाबापुढे टिकत नाही. म्हणून हा भाग लहान असला तरी त्याच्यावरची जबाबदारी मोठी.

मी खऱ्या इंजिनाचा आराखडा समोर ठेवला आणि प्रत्येक माप इमानाने त्याच प्रमाणात घटविले. नळी सुईसारखी बारीक झाली. दिसावयास ती इतकी देखणी होती, की मी ती घरभर मिरविली. पहिल्या चाचणीच्या दिवशी स्पिरिटचा दिवा पेटविला. माझी नऊ वर्षांची मुलगी बॉयलरशी तोंड नेऊन पाहत होती. नळीत पाऊण उंचीवर पाणी दिसत होते. मी निर्धास्त होतो. एकाएकी मिस्त्रीजींनी मुलीला मागे ओढले आणि दिवा विझविला. सारे थंड झाल्यावर त्यांनी वरचा स्क्रू काढून आत एक काडी घातली. तिचे टोक तेवढे ओले झाले. नळीत मात्र पाणी अजून पाऊण उंचीवरच होते!

"बाबूजी, इंजन छोटा किया, ठीक है। पानी छोटा नहीं होता।" एवढेच ते बोलले.

अर्थ मागाहून उमगला. बारीक छिद्रात पाणी काचेला बिलगून आपल्या पातळीहून वर चढते. त्यात हवेचा बुडबुडा अडकला, की ते तेथेच थिजल्यासारखे राहते. आराखडा आपण घटवू शकतो. पाण्याचा स्वभाव घटत नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेले माझे एखादे भाषांतरही असेच दिसावयास चोख आणि आतून कोरडे निघालेले आहे, हे त्या रात्री आठवल्यावाचून राहिले नाही.

दुसऱ्या खेपेस सुमारे ५ मिलिमीटर जाडीची नळी घेतली. प्रमाणाच्या दृष्टीने ती बोजड. तरी तीच योग्य. तिच्या जोडाच्या वाटा रुंद केल्या. टाकणखार लावून चांदीचा डाग दिला. वरचा व खालचा जोड एका रेषेत यावा म्हणून दोहोंतून एक सरळ सळई ओवून पाहिली, कारण तिरपी बसलेली काच तडकते. काचेच्या टोकांना रबरी कड्या घातल्या, म्हणजे तापल्यावर तिला हलावयास जागा राहते. नळी तुंबू नये म्हणून खाली एक तोटी बसविली. आणि नळीतले पाणी दिसेनासे झाले तरी ज्योतीवरच्या तांब्यावर ते पुरेसे उरावे, इतक्या उंचीवर खालचा जोड ठेवला. मग बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून नेहमीच्या दुप्पट दाबाने तपासला. पाणी जवळजवळ दबत नाही. त्यामुळे सांधा फुटलाच तर स्फोट न होता थेंब गळतात.

वाचकहो, आपल्या घरी कोणी असा उद्योग आरंभिला, तर ही चाचणी टाळू देऊ नका. आमचे इंजिन आता चालते. मुलगी दोन हात दूर स्टुलावर बसून पाण्याची पातळी मोठ्याने सांगत असते. तोटी उघडली की पाणी खाली जाते, बंद केली की डुलत वर येते. ते तसे डुलताना दिसल्याखेरीज मी दिवा पेटवीत नाही.