मालक आहात, पण मत नाही

लिज्जतच्या जाहिरातीतला ससा सगळ्यांना आठवतो. त्या पापडाचा मालक कोण, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उधार घेऊन हा उद्योग सुरू केला. आजही तिथे पापड लाटणारी बाई 'कामगार' नसते, 'भगिनी' असते, म्हणजे सहमालक. शाखेतून पीठ घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, मोबदला घ्यायचा. नफा सगळ्यांचा, तोटाही सगळ्यांचा.

हे वाचताना माझी चिडचिड झाली, कारण कागदोपत्री मीही मालकच होते. स्टार्टअपमध्ये पगार जरा कमी होता, पण सोबत ईसॉप होते. पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, "इथे सगळेच मालक." मग रात्री दहालाही लॅपटॉप उघडायचा, आपलंच काम म्हणून. दीड वर्षाने आमची टीम बंद झाली. ते आम्हाला १२ मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर कळलं. इतक्या मालकांपैकी एकालाही कुणी विचारलं नव्हतं.

विचारणार तरी कसं? ईसॉप म्हणजे पुढे कधीतरी ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. शेअर हातात येईपर्यंत मत नाही. आणि आला तरी ज्याचे शेअर जास्त, त्याचा आवाज मोठा.

स्पेनच्या बास्क भागातल्या मोंद्रागोनमध्ये हे गणित उलटं आहे. १९५६ मध्ये एका पाद्र्याच्या पाच विद्यार्थ्यांनी तिथे पहिला सहकारी कारखाना काढला. आज तो सहकारी संस्थांचा मोठा समूह आहे. नियम साधा: एक सभासद, एक मत. संचालक मंडळ सभासदच निवडतात. वरच्या आणि खालच्या पगारातल्या अंतरालाही मर्यादा असते.

तिथे सगळं गोडच आहे असं नाही. २०१३ मध्ये फ्रिज, वॉशिंग मशीन बनवणारी त्यांची फागोर बुडाली आणि सभासदांनी त्यात गुंतवलेले पैसेही गेले. पण अनेकांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी कामावर घेतलं.

बुडण्याची जोखीम मीही घेतली होतीच, कमी पगाराच्या रूपात. फरक एवढाच की त्यांना जोखमीबरोबर मत मिळालं होतं. म्हणून "तुम्हीही मालक आहात" असं कुणी म्हणालं, तर टक्के नंतर विचारा. आधी विचारा, मतदान कधी असतं?