धुक्यातली गाडी

महिन्यातून तीन-चार वेळा पुणे-दिल्ली-पुणे. सोमवारी पहाटे जायचं, गुरुवारी रात्री परत. क्लायंट गुरगावला आहे आणि त्याला माणूस समोर बसलेलाच लागतो. मित्र म्हणतात, "मजा आहे बाबा तुझी, कायम विमानात!" आता त्यांना काय सांगणार, की ही मजा म्हणजे पहाटे सव्वातीनचा अलार्म आणि बोर्डावर लाल अक्षरांत "डिलेड". असो.

तीन वर्षांत थोडं शहाणपण आलंय. उशीर दिसला की आधी चार्जिंगचा पॉइंट पकडायचा, मग आपलं विमान आत्ता कुठल्या गावाला आहे ते मोबाईलवर बघायचं. कारण एकच विमान दिवसभर खेपा मारत असतं. सकाळी एका ठिकाणी अडकलं की पुढच्या सगळ्या गावांना उशीर. त्यात वैमानिकाच्या ड्युटीचे तास संपले तर दुसरा येईपर्यंत बसा. आणि लोहगावचा रनवे हवाई दलाचा, त्यामुळे तिथे त्यांचं काम आधी.

हे सगळं ज्ञान गेल्या 31 डिसेंबरला काही कामाला आलं नाही.

त्या दिवशी चार वाजता कराडला आप्पांचा निरोप समारंभ होता. आप्पा एसटीत ड्रायव्हर. माझं विमान सकाळी 7 चं. सव्वानऊला पुणे, दुपारी दीडपर्यंत कराड. हिशोब चोख! खरं तर आदल्या दिवशी निघता आलं असतं. पण 30 तारखेला "एकच मीटिंग" होती आणि मला नाही म्हणता आलं नाही.

सकाळी काचेपलीकडे नुसतं पांढरं. पलीकडचं विमानसुद्धा दिसेना. दिल्लीला विमान आणि वैमानिक दोन्ही त्या तयारीचे असतील तर 50 मीटर दिसलं तरी उतरता येतं, पण उडायला साधारण 125 मीटर दिसावं लागतं. म्हणजे आलेलं विमानही तिथेच बसून. आठ वाजले, नऊ वाजले, दहा. काउंटरवर ही गर्दी! मीही घुसलो आणि तिथल्या मुलीवर ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती असेल बावीस-तेवीसची. मान खाली घालून कीबोर्ड बडवत राहिली.

तेवढ्यात आप्पांचा फोन. "कुठं हायस रं?"

"आप्पा, अजून दिल्लीतच. धुकं आहे. ही लोकं काही धड सांगतच नाहीत."

"धुकं हाय? मग त्यांनी थांबवलंय ते बरंच केलंय की." मग जरा थांबून म्हणाले, "कुंभार्ली घाटात मी दोन तास गाडी उभी केलती एकदा. पुढचं कायबी दिसंना. प्यासिंजर आईवरनं शिव्या देत होतं. एकानं तर डेपोत तक्रार केली."

"मग?"

"मग काय? घरला पोचलाच की तक्रार करायला."

काउंटरवर परत गेलो, त्या मुलीला सॉरी म्हणालो. तिने ऐकलं की नाही कोण जाणे, मागचा माणूस तिच्यावर ओरडत होता.

विमान पावणेदोनला सुटलं. कराडला पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. शाल खुर्चीवर, नारळ देवापुढे. आप्पांनी विचारलं, "जेवलास का?" बस्स, तेवढंच.

नंतर चुलतभावाने काढलेला व्हिडिओ बघितला. डेपो मॅनेजरांचं भाषण चालू आहे आणि आप्पा मधेच गेटकडे बघतायत. एकदा नाही, तीनदा.

धुक्याचा राग कधीच गेला. त्या 30 तारखेच्या मीटिंगचा अजून येतो, पण तो कुठल्या काउंटरवर काढणार? मीटिंगला हो मीच म्हणालो होतो. आता घरचं काही असेल तर एक दिवस आधी निघतो. मॅनेजरला सांगून टाकलंय. तो "शुअर, शुअर" म्हणालाय. बघू.

परवा सोमवार. सव्वातीनचा अलार्म लावलाय.