जांभळा रंग किती धुवायचा

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात एक अडचण असते, ती वनस्पतिशास्त्राला नाही की प्राणिशास्त्राला नाही. ज्या जिवांचा हा विषय, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते बहुतेक वेळा मेलेलं असतं. रंगवलेल्या स्लाइडवरचा जिवाणू आधीच ज्योतीवर शेकून काचेला चिकटवलेला असतो. पेट्री डिशवरची वसाहत म्हणजे रात्रभर जे घडलं त्याचा निकाल; घडताना ते कुणी पाहिलेलं नसतं. पुस्तकातली आकृती तर आणखी स्थिर. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी बीएस्सीला येणाऱ्या मुलामुलींसमोर ही अडचण दुपटीने उभी राहते. 1994 साली औरंगाबादच्या विद्यापीठापासून वेगळं होऊन नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या त्याच्या चार जिल्ह्यांत मराठी माध्यमातून आलेली, शेतकरी घरातली पुष्कळ मुलं विज्ञान शिकतात आणि त्यांच्यापुढे एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तक येतं. खिशात मात्र मोबाइल असतो आणि त्यात जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांचं साहित्य फुकट मिळतं. या साहित्याचं काय करायचं, याबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या टेबलावर जे कधीच दिसणार नाही ते पडद्यावर जरूर पाहावं. टेबलावर जे करता येतं ते पडद्यावर पाहून झालं, असं मात्र कधीही मानू नये. आणि या दोहोंना जोडणारा प्रश्न इथल्या शिक्षकाने, इथल्या शिवारातून उचललेला असावा.

टेबलावर न दिसणाऱ्या गोष्टी थोड्याथोडक्या नाहीत. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून एक छोटी चित्रफीत घेतली. तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत एक पांढरी पेशी जिवाणूंच्या मागे लागते आणि शेवटी त्यांना गिळते. जिवाणू दिशा बदलतात तशी तीही वळते. रोगप्रतिकाराचा धडा दहा तास शिकवून जी गोष्ट पोचत नाही, ती या मिनिटभरात पोचते. दुसरं उदाहरण हार्वर्डमधलं. मायकेल बेम, रॉय किशोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली जवळपास चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी अवाढव्य पेट्री डिश तयार केली. तिच्यात काळी शाई मिसळलेलं अगार, म्हणजे जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम, पसरून त्याचे पट्टे पाडले. दोन्ही कडांना प्रतिजैविक अजिबात नाही. पुढच्या पट्ट्यात साध्या ई. कोलाय जिवाणूला जेमतेम सोसणार नाही इतकं, मग त्याच्या दहापट, शंभरपट, आणि मधोमध हजारपट. पांढरे जिवाणू प्रत्येक सीमेवर येऊन थबकतात. मग एखाद्या ठिकाणी उत्परिवर्तन होतं आणि तिथून पंख्यासारखी नवी पिढी पुढच्या पट्ट्यात घुसते. साधारण अकरा दिवसांत ते हजारपट औषधाच्या पट्ट्यात पोचतात. या प्रयोगाची चित्रफीत दोन मिनिटांची आहे. उत्क्रांती लाखो वर्षांतच घडते, असा समज घेऊन बारावीतून आलेल्या मुलासमोर ती लावली तर पुढचा प्रश्न त्याला विचारावा लागत नाही, तोच विचारतो: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळीचं काय? असा प्रयोग नायगावात काय, मुंबई-पुण्याच्या बहुतेक महाविद्यालयांतही होणार नाही. म्हणून तो पडद्यावर पाहण्यात कसलाच कमीपणा नाही.

याउलट ग्रॅम स्टेनिंग घ्या, म्हणजे जिवाणूंची जांभळे (ग्रॅम पॉझिटिव्ह) आणि गुलाबी (ग्रॅम निगेटिव्ह) अशी विभागणी करणारी रंगवण्याची पद्धत. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी 1884 साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही पहिल्या वर्षाच्या जर्नलात अगदी सुरुवातीला असते. स्मिअर, म्हणजे जिवाणूंचा पातळ थर, काचेवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रॅनिन. हे टप्पे कुठल्याही चित्रफितीतून पाठ होतात. अमृता विश्वविद्यापीठाने तयार केलेल्या आभासी प्रयोगशाळेत तर क्लिक करत करत सगळी कृती पार पाडता येते. पण या पद्धतीचा सगळा जीव अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत आहे. स्लाइड तिरकी धरून थेंब सोडत राहायचं आणि ओघळणारा रंग फिका झाला की तत्क्षणी पाणी. पाच-दहा सेकंद जास्त झाली तर जाड भित्तिकेच्या जिवाणूतूनही जांभळा रंग निघून जातो, तो गुलाबी दिसतो आणि ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू निगेटिव्ह म्हणून जर्नलात लिहिला जातो. स्मिअर जाड झाला तर उलटी चूक होते. कल्चर जुनं असेल तर हात बरोबर असूनही निकाल चुकतो. जांभळा रंग किती धुवायचा हे घड्याळ सांगत नाही. ते बोटांनी आणि डोळ्यांनी मिळून शिकावं लागतं आणि दोन-तीन स्लाइडी बिघडल्याशिवाय येत नाही. पडद्यावरची स्लाइड प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलं तेवढीच बिघडते.

मग आभासी प्रयोगशाळा निरुपयोगी का? तसं पुरावा सांगत नाही. डेन्मार्कमध्ये 189 विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2016 साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. अगारच्या प्लेटवर जिवाणू रेषांनी पसरवायला, म्हणजे आपल्याकडे ज्याला स्ट्रीकिंग म्हणतात ते शिकायला, एका गटाला प्रत्यक्ष प्रात्यक्षिक दाखवलं आणि दुसऱ्या गटाला संगणकावरचा आभासी प्रयोग दिला. नंतर दोन्ही गटांना खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला लावलं, तेव्हा त्यांच्या कामात लक्षणीय फरक दिसला नाही. हा निकाल हाती आला की लगेच ‘म्हणजे प्रयोगशाळेची गरज नाही’ असा अर्थ काढणारे असतात. अभ्यासाने ते म्हटलेलंच नाही. परीक्षा शेवटी खऱ्या प्लेटवरच झाली होती. त्यातून निघतं ते इतकंच, की प्रॅक्टिकलच्या सुरुवातीला सर किंवा मॅडम जे करून दाखवतात, त्यातलं बरंचसं काम पडदा आदल्या दिवशी करू शकतो. आणि हे ‘इतकंच’ फार मोठं आहे. वीस मुलांच्या बॅचमध्ये मागे उभ्या राहिलेल्यांना शिक्षकाच्या हातातला लूप, म्हणजे जिवाणू पसरवायची तार, दिसतच नाही. पुढच्या चौघांचंच प्रात्यक्षिक होतं. तो वेळ वाचला तर शिक्षकाला प्रत्येकाच्या पाठीशी उभं राहून त्याची बिघडलेली स्लाइड पाहता येईल, आणि का बिघडली ते विचारता येईल.

यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप शिकवण्याबद्दलचा नाही, पैशाबद्दलचा आहे. रसायनं महाग, इमर्शन ऑइलची लेन्स महाग, कल्चर पुण्याच्या किंवा चंदीगडच्या संग्रहातून मागवायचं. त्यापेक्षा प्रोजेक्टर लावा, असा मोह कुठल्याही संस्थेला होऊ शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरून पूर्ण करायला वाट मोकळी केली आहे. चांगल्या हेतूने दिलेली ही सवलत उद्या रिकाम्या कपाटांचं समर्थन करायला वापरली जाईल, ही भीती मला खोटी वाटत नाही. पण तिच्यावरचा उपाय ऑनलाइन साहित्य बाहेर ठेवण्यात नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः रंगवलेली स्लाइड परीक्षकाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहणं, एवढी एक गोष्ट कडकपणे पाळली तर रसायनांशिवाय कुठल्याच महाविद्यालयाचं भागणार नाही. पडद्यावर काय दाखवलं याची चौकशी मग दुय्यम ठरते.

साहित्य फुकट आहे म्हणजे ते आपल्यासाठी लिहिलेलं आहे, असंही नाही. ‘ओपनस्टॅक्स’चं सूक्ष्मजीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक 2016 पासून कुणालाही मोफत वाचता येतं आणि ते खरोखर उत्तम आहे. पण ते अमेरिकेत आरोग्यसेवेच्या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेलं आहे; त्याची प्रकरणं रुग्णाच्या हकिगतीतून पुढे सरकतात. नायगावच्या वर्गातला मुलगा जुलैत सोयाबीन पेरून वर्गात बसलेला असतो. त्याच्या घरी पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक चोळलं जातं आणि त्यानंतर, अगदी शेवटी, रायझोबियमच्या पाकिटातली काळपट भुकटी, दहा किलोला अडीचशे ग्रॅम या हिशेबाने. मग बी सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. सावलीत का, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्या भुकटीत जिवंत जिवाणू आहेत आणि ऊन त्यांना मारतं, हा सूक्ष्मजीवशास्त्राचा पहिला धडा होऊ शकतो. ऑगस्टमध्ये पीक फुलावर येतं तेव्हा एक रोप मुळासकट हलक्या हाताने उपटून आणायला सांगावं. मुळं धुतली की मुगाएवढ्या गाठी दिसतात. ब्लेडने गाठ चिरली आणि आत मांसासारखा गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ कामाला लागलेली आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या गोतावळ्यातल्या प्रथिनाचा. हवेतला नत्र पकडणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून तिथे मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवायचा आणि तरी जिवाणूला श्वासापुरता पुरवायचा, हे काम ते प्रथिन करतं. चिरडलेल्या गाठीचा स्मिअर करून रंगवला की जिवाणू गुलाबी दिसतात. हे सगळं पाहून झाल्यावर, मुळाच्या केसातून जिवाणू आत कसा शिरतो याचं ॲनिमेशन लावावं. आता त्या ॲनिमेशनला पाहणाऱ्याच्या डोक्यात बसायला जागा असते. तेच आधी लावलं असतं तर ते एक सुंदर चित्र म्हणून सरकून गेलं असतं.

भाषेचा आक्षेप मी हलका मानत नाही. परदेशी उच्चारातलं इंग्रजी ऐकत मान डोलावणारा विद्यार्थी बऱ्याचदा काहीच ऐकत नसतो. आवाज बंद करून चित्रफीत लावावी आणि शिक्षकाने मराठीत बोलावं, हा उपाय साधा आहे आणि परिणामकारकही, कारण सूक्ष्मजीवांच्या हालचालीला भाषा लागत नाही. नेटवर्कची अडचणही तशीच सुटते. एकदा उतरवून घेतलेली दोन मिनिटांची फीत वर्गात वर्षानुवर्षं चालते. वाचायला मराठी विश्वकोशाच्या नोंदी आज मोबाइलवर उपलब्ध आहेत. त्या जुन्या झाल्या असल्या तरी पायाभूत संकल्पना मातृभाषेत एकदा स्वच्छ कळली की इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद निम्म्याने सोपा होतो. दहा दुव्यांची यादी मोबाइलवरच्या गटात टाकून देणं मात्र शिकवणं नव्हे. त्यातली कुठली दोन मिनिटं, कधी आणि कोणत्या प्रश्नासाठी, हे ठरवणारा माणूस नसेल तर ती यादी कुणी उघडतही नाही.

एवढं असूनही काही गोष्टी जगातल्या कुठल्याच चित्रफितीत नाहीत, कारण त्या इथल्या उन्हाच्या आहेत. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ कॉख यांच्या काळात जिवाणू जिलेटिनवर वाढवत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळून सगळं काम वाया जाई. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेस्से यांच्या पत्नी फॅनी हेस्से यांनी स्वयंपाकातलं अगार सुचवलं आणि 1882च्या सुमारास ते प्रयोगशाळेत रुजलं. अगार एकदा गोठलं की 85 अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. पण गोठण्यासाठी त्याला साधारण 40 अंशांच्या खाली यावं लागतं, आणि नांदेड-लातूरकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा 42-43 वर असतो. ‘काही मिनिटांत प्लेट घट्ट होईल’ असं सांगणाऱ्याची खोली थंड असते. इन्क्युबेटरचंही तेच. साधा इन्क्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही; बाहेर 42 असताना त्याचा काटा 37 वर लावून उपयोग नाही, तिथे गार करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर लागतो किंवा प्लेटा सकाळी लवकर ओताव्या लागतात. अल्कोहोलचा थेंबही त्या उष्णतेत भराभर उडतो. हे दाखवणारी, बिघडलेल्या स्लाइडी आणि न गोठलेल्या प्लेटा न लपवणारी पाच मिनिटांची मराठी चित्रफीत नांदेड, लातूर किंवा नायगावातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत साध्या मोबाइलवर तयार होऊ शकते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे गुण तिला देता येतील. चित्रीकरण तेवढं एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता करावं लागेल.