परमुलखातली संक्रांत

बिंदुसरेच्या धरणालगतच्या आमच्या पालीत संक्रांत जशी विनासायास येते तशीच ती निघूनही जाते; तिचे खरे तेज मी पाहिले ते मात्र पंचगंगेच्या काठी, ऊसतोड्यांच्या तळावर. बीड जिल्ह्यातील सहस्रावधी कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन, बाजरीची पोती आणि लेकरे गाडीत घालून, दरसाल दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या मुलखात उतरतात. 1972 च्या दुष्काळानंतर तर हा आमच्या भागाचा शिरस्ताच होऊन बसला. माझ्या वर्गातील अशाच काही मुलांची हजेरी तिकडच्या साखरशाळेत लागते की नाही, हे पाहावयास मी शिक्षकाच्या अधिकाराने गेलो होतो, आणि तो दिवस नेमका भोगीचा निघाला.

पाचटाने शाकारलेल्या, आत शिरताना पुरते वाकावे लागते अशा त्या कोपींपुढे चुली पेटल्या होत्या आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापल्या जात होत्या. गावाकडून आणलेले पीठ त्या दिवसासाठी निराळे बांधून ठेवलेले होते, हे मला मागाहून कळले. "गावाकडं सुगडं दारात येत्यात, गुरुजी, हितं बाजार पालथा घालावा लागला," असे सांगत एका वृद्धेने फडक्यात गुंडाळलेली सुगडी उलगडून दाखविली. गंमत अशी, की पालीत सुगडात घालावयास उसाचे कांडके विकत घ्यावे लागते, आणि येथे तर क्षितिजापर्यंत ऊसच ऊस. तरीही त्या बाईने ढिगातले पहिले हाती आले ते न घेता, चार ऊस निरखून, सरळ पेराचा एक निवडला आणि कोयत्याने त्याची बोटभर कांडकी केली.

अमेरिकेतील मेक्सिकन मजुरांविषयी वाचलेले मला तेथे आठवले. 5 मे 1862 रोजी पुएब्ला येथे जनरल सारागोसाच्या सैन्याने फ्रेंचांचा पराभव केला, त्या विजयाचा दिन खुद्द मेक्सिकोत मुख्यत्वे पुएब्लातच थाटाने पाळतात. परंतु कॅलिफोर्नियातील मेक्सिकनांनी तो त्याच काळापासून उचलून धरला, आणि पुढे 1942 ते 1964 या काळात करारावर शेतमजूर म्हणून त्यांचे लक्षावधी देशबांधव तिकडे गेले. परक्या मुलखात राबणाऱ्याला आपण केवळ मजूर नव्हे, कोठल्या तरी गावचे आहोत, हे वर्षातून एकदा तरी चारचौघांत सांगावेसे वाटत असावे.

संक्रांतीला तळावर देऊळ नव्हते. बाभळीखालच्या शेंदूर फासलेल्या दगडालाच बायकांनी ववसले आणि मग एकमेकींना वाण दिले. हे सारे झाले ते दिवस मावळल्यावर, कारण गाळप सणासाठी थांबत नाही आणि खाडा पडला की हिशेबात वजा होतो. दुसऱ्या दिवशीची कर गावाकडे कटाक्षाने पाळतात, शुभ म्हणून काही करीत नाहीत. येथे पहाटे तीनलाच मुकादमाची हाक आली आणि कालच्याच लुगड्यांत बायका फडाकडे निघाल्या.